आतोबांचा मुक्काम

शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५ रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझे आतोबा आत्यासह साताऱ्याच्या बसस्थानकावर उतरले. त्यांच्या एका हातात आत्याची कापडी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात, छातीशी धरलेला, पाच देवांचा स्टीलचा डबा. मी ती वेळ टिपून ठेवली, कारण तसे करण्याविषयी त्यांनी आदल्या दिवशी फोनवरून मला बजावले होते. पर्यटन या विषयावर सांगली जिल्ह्यात सर्वांत जास्त बोललेला आणि सर्वांत कमी फिरलेला माणूस कोण, असे मला कोणी विचारले, तर मी जराही न थांबता या डबा धरलेल्या गृहस्थांकडे बोट दाखवीन. अर्धे आयुष्य त्यांनी हा विषय शिकवला, पण स्वतःच्या इच्छेने घराबाहेर एकही रात्र काढली नाही. त्या शनिवारी ती रात्र समोर उभी होती, आणि ती पार पडेल की नाही याची खात्री आत्याला नव्हती, मलाही नव्हती.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सांगलीच्या एका महाविद्यालयात ते भूगोल शिकवत आणि त्यातही पर्यटन भूगोल हा पेपर जवळजवळ त्यांच्या मालकीचा होता. तिसऱ्या वर्षाच्या मुलांच्या अभ्याससहली हंपीला जात, अजिंठ्याला जात, कोकणात जात. त्या सहलींचा आराखडा आतोबा करत. कोणत्या स्थानकावर पिण्याचे पाणी बरे आहे इथपासून परतीच्या गाडीत कोणत्या बाजूला ऊन लागणार नाही इथपर्यंत सर्व तपशील ते लिहून देत. नंतर गाडी हलली की फलाटावरून हात हलवत आणि सायकलवर बसून घरी येत. सहलीबरोबर दुसरे प्राध्यापक जात. एका विद्यार्थ्याने धीर करून कारण विचारले, तेव्हा आतोबा शांतपणे म्हणाले होते, "कावीळ शिकवणाऱ्या डॉक्टरला तुम्ही पिवळा व्हायला सांगता का?"

या एकाच गोष्टीसाठी आत्याचे त्यांच्याशी भांडण होते, आणि ते इतके जुने होते की त्यातला आवाज केव्हाच निघून गेला होता. आत्याला परदेश नको होता, समुद्र नको होता, यात्राही नको होती. तिची मागणी मी लहानपणापासून त्याच शब्दांत ऐकत आले आहे. अशा ठिकाणी एक रात्र राहायचे, जिथे सकाळचा चहा दुसरे कोणीतरी करून हातात आणून देईल. नातेवाइकांचे घर तिला यासाठी चालत नसे. "नातेवाइकांकडे गेलं की पहाटे मीच ओट्याशी उभी असते," असे ती म्हणे, "आणि वर त्यांचं गॅसचं बटण उलटं फिरतं." मागणी इतकी लहान होती की ती पुरी न होण्यामागे काही शास्त्रीय कारण असले पाहिजे, असे मला वाटे. कारण होतेही, आणि ते देवघरात होते.

आतोबांच्या घरी पाच देव आहेत. गणपती, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, पिंड आणि कुलदैवताचा टाक. या देवांवर आपला विश्वास नाही, असे आतोबा स्पष्ट सांगत. मात्र रोज सकाळी त्यांची पूजा-नैवेद्य आणि तिन्हीसांजेला दिवा, हा क्रम त्यांच्या वडिलांकडून त्यांच्याकडे आला होता आणि त्यात त्यांनी एका दिवसाचाही खंड पडू दिला नव्हता. मी शाळेत असताना त्यांना यातली विसंगती दाखवून दिली होती. त्यावर ते म्हणाले, "माझा विश्वास नाही, हा माझा प्रश्न झाला. त्यासाठी त्यांना उपाशी ठेवायचा अधिकार मला कोणी दिला?" या विधानात मला आजही तार्किक चूक सापडलेली नाही. आत्याने बाहेरगावी राहण्याचा विषय काढला की ते देवघराकडे हात करत आणि म्हणत, "आपला मुक्काम इथे आहे. मुक्काम हलवता येत नाही." आत्या मग फडके घेऊन देवघराच्या आसपासची, मुळातच स्वच्छ असलेली जागा पुसायला लागे.

दिवसाच्या सहली मात्र ते भरपूर करत. सागरेश्वर, दंडोबा, औदुंबर, पन्हाळा ही सगळी ठिकाणे आत्याने पाहिली आहेत, पण सगळी दुपारच्या उन्हात. कारण तिन्हीसांजेपूर्वी सांगली गाठायची, हा नियम. त्यासाठी आतोबांनी एसटीचे वेळापत्रक पाठ केले होते. वेळापत्रकात लिहिलेली वेळ आणि गाडी प्रत्यक्ष सुटण्याची वेळ यांतील फरकही त्यांना पाठ होता, आणि हा दुसरा भाग स्थानकातल्या चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्यालाही ठाऊक नसे. एकदा ते दोघे महाबळेश्वरला गेले. सूर्यास्त पाहण्याच्या प्रसिद्ध जागी पोहोचले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि परतीची गाडी एकला होती. आतोबांनी आत्याला कठडा दाखवला, दरी दाखवली, सूर्य साधारण कुठे मावळेल तेही बोटाने दाखवले आणि म्हणाले, "बाकीचा भाग सांगलीतूनही दिसतो." सूर्यास्ताची जागा पाहून सूर्यास्त न पाहता परतलेली माझ्या माहितीतील आत्या ही एकमेव व्यक्ती आहे.

त्यांच्या मते हे सारे व्याख्येला धरूनच होते. व्याख्या हा आतोबांचा प्राण. नेहमीच्या परिसराबाहेर, स्वेच्छेने, तात्पुरता आणि कमाईचा हेतू न ठेवता किमान चोवीस तास राहतो, तो पर्यटक. त्याच दिवशी परत फिरतो, तो सहलकरी. या चाळणीतून ते प्रत्येकाला गाळून घेत. त्यांच्याकडे आलेल्या पाहुण्याला पाण्याचा पेला हातात पडण्यापूर्वी स्वतःचा प्रकार कळत असे. मी सुटीत आठवडाभर राहायला गेले की "आप्तेष्ट-भेट हेतूने आलेली देशांतर्गत पर्यटक" म्हणून माझे स्वागत होई. गॅसची टाकी घेऊन येणारा माणूस नेहमीच्या परिसराबाहेर येत असला तरी कमाईसाठी येत असल्याने बाद होता. फलटणला एका लग्नाला आम्ही सर्व गेलो होतो, तेव्हा ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत आमची गाडी अडकली आणि आम्ही अक्षता पडून गेल्यावर कार्यालयात पोहोचलो. वधूपित्याने हात जोडून व्यवस्था कशी वाटली असे विचारले. आतोबा गंभीरपणे म्हणाले, "आकर्षण उत्तम, निवास उत्तम, सुविधा चांगल्या. पोहोचण्याची सुलभता शून्य." वधूपित्याला हा आशीर्वाद वाटला असावा, कारण तो वाकून नमस्कार करून गेला.

पर्यटनाचा इतिहासही ते आमच्याच कुटुंबावरून शिकवत. माझ्या खापरपणजीची आजी काशीला गेली, तेव्हा सर्वांचा निरोप घेऊन गेली. परत येण्याची खात्री नव्हती. वाटेत धर्मशाळा, बरोबर शिधा आणि हेतू पुण्याचा. हा पहिला टप्पा. त्याच सुमारास विलायतेतील धनिकांची मुले शिक्षण पुरे करण्यासाठी वर्षवर्ष देशोदेशी हिंडत होती. "तिने पाप धुतलं, त्यांनी पैसे उडवले, पण रस्त्यावर दोघंही सारखेच आजारी पडले," असे ते म्हणत. मग वाफेचे इंजिन आले आणि आठवड्यांचे अंतर तासांवर आले. आपल्याकडचा उन्हाळा न सोसलेल्या साहेबाने महाबळेश्वर आणि पाचगणीला बंगले बांधले आणि थंड हवा हीदेखील जाऊन घेण्याची वस्तू झाली. मात्र आतोबांच्या मते या इतिहासाचा खरा नायक इंजिन नव्हते, साहेबही नव्हता. खरा नायक पगारी रजा. "माणसाला घरी बसून पगार मिळायला लागला, त्या दिवशी त्याला घरी बसवेनासं झालं," हे त्यांचे वाक्य त्यांचे विद्यार्थी अजून उद्धृत करतात. माझे वडील रजा-प्रवास सवलतीवर आम्हाला उटीला घेऊन गेले, तो या मालिकेतला पुढचा टप्पा, आणि मी फुलांसमोर मोबाइल धरते तो शेवटचा. या अखंड परंपरेत स्वतःची जागा कोणती, असे मी विचारले तेव्हा त्यांनी थोडा विचार केला. "मी फलाट," ते म्हणाले.

पुराच्या वर्षी मात्र या फलाटालाच हलावे लागले. कृष्णेचे पाणी त्यांच्या गल्लीत शिरले आणि दोघे साताऱ्याला आमच्या घरी आले. हा स्टीलचा डबा तेव्हाच पहिल्यांदा बाहेर निघाला. देव त्यातून आले आणि आमच्या फ्रिजवर बसले. चोवीस तास उलटले तसे आतोबा अस्वस्थ झाले. परिसर बाहेरचा, वास्तव्य तात्पुरते, कमाई शून्य. व्याख्येच्या तीन अटी पुऱ्या झाल्या होत्या. अखेर चौथीने त्यांची सुटका केली. "स्वेच्छा नाही," त्यांनी आईला जाहीरपणे सांगितले, "त्यामुळे आम्ही पर्यटक नाही, विस्थापित आहोत. आम्हाला दुसऱ्यांदा चहा विचारायची गरज नाही." तो चहा अर्थात आत्याच करत होती. पाणी उतरल्यावर घरातला गाळ काढताना ती मला एवढेच म्हणाली, की बाहेर राहणे झाले, पण ज्यासाठी राहायचे होते ते राहूनच गेले.

आता माझ्या कामाविषयी सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व त्यातूनच घडले. साताऱ्याच्या पश्चिमेला फुलांचे एक पठार आहे. तेथील वनस्पतींना इजा न होता दिवसाकाठी किती माणसे सामावू शकतील, म्हणजेच पठाराची वहनक्षमता किती, हे शोधण्याच्या प्रकल्पावर मी काम करते. या कामावर माझी पीएच.डी. अवलंबून आहे आणि ती मला वेळेत पुरी करायची आहे. त्यासाठी आलेल्यांपैकी किती जण त्याच दिवशी परततात आणि किती रात्री राहतात, हे कळणे गरजेचे होते. प्रश्नावलीत मी सरळ विचारले होते, "आज रात्री आपण कोठे राहणार आहात?" आतोबांना मी ती तपासायला दिली, ही माझी निवड. त्यांनी त्या प्रश्नावर काट मारली. 'राहणे' हा सैल शब्द आहे, शास्त्राला पारिभाषिक शब्द लागतो, असे बजावून त्यांनी बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिले, "आपला मुक्काम कोठे?" मला ते पटले. शब्द नेमका होता, मराठी होता आणि लहान होता.

गणपतीच्या सुटीत चाचणी म्हणून त्या प्रश्नावल्या भरून घेतल्या. संध्याकाळी गठ्ठा चाळताना लक्षात आले, की लोकांनी त्या रकान्यात अत्यंत काळजीपूर्वक आपला घरचा पत्ता लिहिला होता. मुक्काम पोस्ट ढेबेवाडी, तालुका पाटण. मुक्काम पोस्ट मलकापूर, तालुका कराड. काहींनी पिनकोडही दिला होता. माझ्या आकडेवारीनुसार त्या दिवशी पठारावर आलेली सर्व माणसे स्वतःच्या घरीच मुक्कामाला होती. दुसऱ्या दिवशी मी स्वतः प्रवेशद्वारापाशी टेबल टाकून बसले. मोठ्या गाडीतून बायकामुलांसह आलेल्या एका गृहस्थांना मी तोंडी प्रश्न विचारला.

"मुक्काम विट्याला," ते म्हणाले.

आज परत विट्याला जाणार का, असे मी विचारले. नाही, रात्री महाबळेश्वरला हॉटेल घेतले आहे, असे त्यांनी सांगितले. मग विट्याला राहता का, असे विचारले.

"न्हाई ओ. ऱ्हायला कोइमतूरला. गलाईचं दुकान हाय तितं आमचं, सोनं गाळायचं. लय वर्सं झाली. विट्याचं घर बंदच असतंय."

"मग मुक्काम महाबळेश्वर लिहू?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. "आवं ताई, रात कुठंबी काढंल माणूस. मुक्काम एकदाच असतो. विटा लिवा."

रात्री मी चिडून आतोबांना फोन केला. चाचणी वाया गेली, प्रश्न बदलावा लागेल, तुमच्या पारिभाषिक शब्दाने माझा आठवडा घेतला, असे सर्व मुद्दे मी क्रमाने मांडले. विट्याच्या गृहस्थांची हकिकतही सांगितली. आतोबांनी विचारले, "रात कुठंही काढेल, मुक्काम एकदाच असतो. असं म्हणाला तो?" मी हो म्हटले. त्यांनी फोन ठेवला. पुढची हकिकत आत्याने सांगितली. जेवताना त्यांनी ती हकिकत आत्याला सांगितली आणि मग ते वाक्य एकटेच पुटपुटत राहिले. आत्याने ताटे उचलता उचलता एवढेच म्हटले, "तो विट्याचा माणूस सगळा जन्म कोइमतूरला राहतो आणि मुक्काम विट्याला ठेवतो. तुम्हाला एक रात्र बाहेर राहून तो सांगलीत ठेवता येईल का बघा." आतोबांनी देवघराकडे पाहिले. आत्या म्हणाली, "त्यांना डब्याची सवय आहे."

अशा रीतीने ते त्या शनिवारी आले. पठाराच्या खालच्या वाडीत सैन्यातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांनी आपल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी बांधल्या आहेत. जेवण त्यांच्या पत्नी करतात. तिथे मी त्यांच्यासाठी एक खोली घेतली होती; दुसरी प्रकल्पाच्या कामासाठी माझ्याकडे होतीच. दुपारभर आतोबा पठारावर फिरले. फुलांकडे त्यांनी अभ्यासकाला शोभेल इतपत पाहिले आणि उरलेला वेळ इतरांच्या चपला, डबे आणि गाड्यांचे क्रमांक पाहण्यात घालवला. पाचच्या सुमारास आम्ही हवालदारांच्या घरी पोहोचलो.

"या गुरुजी, बैठो," हवालदार म्हणाले. "किती रोज मुक्काम?"

"मुक्काम सांगलीला आहे," आतोबा म्हणाले. "इथे फक्त रात्र."

हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. "म्हंजी रातीचा मुक्काम नव्हं?"

"रात्र. मुक्काम नाही."

"बरं," हवालदार म्हणाले. सैन्यात त्यांनी याहून अवघड हुकूम ऐकले असणार.

आत्याने अंगणातली पश्चिमेकडे तोंड करून ठेवलेली प्लास्टिकची खुर्ची घेतली आणि तिच्यात बसली. तिला असे बसलेले मी कधी पाहिले नव्हते. तिच्या मांडीवर निवडायची भाजी नव्हती आणि हात कुठे ठेवायचे हे तिला नीट ठरवता येत नव्हते. आतोबा खोलीत देव मांडत होते. कोनाडा पूर्वेचा की उत्तरेचा याची खात्री करून, रुमाल अंथरून, प्रत्येकाला त्याच्या नेहमीच्या क्रमाने बसवून ते बाहेर आले, तेव्हा सूर्य डोंगरामागे गेलेला होता. त्यांनी रिकाम्या आकाशाकडे पाहिले. "कसा होता?" त्यांनी विचारले.

"सांगलीसारखाच," आत्या म्हणाली. "पण घाई नव्हती."

यानंतर तो प्रसंग आला, ज्याची आत्याला दिवसभर भीती होती. सांगलीच्या घरात दिवा लावण्यासाठी आतोबांनी शेजारच्या निवृत्त कंपाउंडरांकडे किल्ली दिली होती. तिन्हीसांज झाली तसा त्यांनी त्यांना फोन लावला. कोणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी आतोबांचा चेहरा बदलला. ते खोलीत गेले, देव डब्यात ठेवले, झाकण लावले आणि डबा छातीशी धरून अंगणात येऊन उभे राहिले. घर अंधारात आहे, असे ते म्हणाले. पूर सोडला तर आजवर असे झालेले नाही. साताऱ्याहून आठची सांगली गाडी आहे, तू आम्हाला सोड, असे त्यांनी मला सांगितले. मी गाडीची किल्ली हातात घेतली. हवालदार चुलीचे लाकूड फोडत होते, ते कुऱ्हाड बाजूला ठेवून उभे राहिले.

आत्या उठली नाही. तिने मागेही पाहिले नाही.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "देव घेऊन जा, ते तुमच्याशिवाय राहायचे नाहीत. मी सकाळचा चहा पिऊन येते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर आतोबांना उत्तर देता आले असते. ते डबा धरून तसेच उभे राहिले. तेव्हा हवालदार पुढे झाले आणि म्हणाले, "गुरुजी, आता कुठं जाताय. घाटात धुकं उतारलंय, आठची गाडी काय घावायची न्हाई." आतोबांनी त्यांच्याकडे पाहिले, आत्याच्या पाठीकडे पाहिले, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. मग ते म्हणाले, "नाही मिळणार? मग इलाज नाही." आणि खाली पायरीवर बसले. पाऊण तासाने माझ्या मोबाइलवर कंपाउंडरांनी पाठवलेला फोटो आला. समई लागलेली होती. फोन घरी ठेवून ते तेल आणायला गेले होते. मी फोटो आतोबांना दाखवला. त्यांनी तो मोठा करून वात सरळ आहे ना ते तपासले.

रात्री जेवणात भाकरी आणि पिठले होते. पिठल्यात कांदा होता. आत्याने आतोबांकडे पाहिले, कारण त्यांच्या देवांना कांदा चालत नाही. आतोबांनी बराच विचार केला आणि वाटी कोनाड्यापुढे ठेवली. "यजमानांची पद्धत पाहुण्यांनी पाळावी," ते देवांना उद्देशून म्हणाले. "हा सर्वमान्य संकेत आहे."

सकाळी मी बाहेर आले तेव्हा आत्या त्याच खुर्चीत होती. हवालदारांच्या पत्नी स्टीलच्या ताटलीत कप घेऊन आल्या. सवयीने आत्या अर्धी उठली, तिचा हात ताटली धरायला पुढे गेला. "बसा की, काकी," त्या म्हणाल्या, "च्या प्या. उटताय कशाला?" आत्या परत बसली. तिने कप दोन्ही हातांनी धरला. चहात साखर जास्त होती, हे मी प्यायले तेव्हा मला कळले, आणि आत्या गोड चहा पीत नाही. तिने तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि रिकामा कप विसळायला न उठता खुर्चीखाली ठेवून दिला. आतोबा तोवर स्नान करून, पूजा आटोपून, डबा बांधून तयार होते. साताऱ्याला नऊची गाडी मिळेल, असे ते म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आले, की त्या वेळी चोवीस तास भरत नाहीत. आता निघालो तर सहलकरी ठरू, असे त्यांनीच सांगितले आणि डबा शेजारी ठेवून बसले. अकरा वाजून दहा मिनिटे होईपर्यंत आत्याला आणखी एक चहा मिळाला.

वेळ भरल्यावर त्यांनी मला नोंद करायला सांगितले. त्या घरी राहिलेल्या पाहुण्यांचा तक्ता मला तसाही भरायचा होता. देवांचा प्रश्न त्यांनीच काढला आणि त्यांनीच निकालात काढला. डब्यातून आणलेल्यांची स्वेच्छा सिद्ध होत नाही, म्हणून पाचही बाद. "आणि प्रामाणिकपणे पाहिलं तर मीही बाद," ते म्हणाले. "ही स्वेच्छेने राहिली. मी गाडी मिळणार नाही म्हणून राहिलो. पुरासारखंच ते. तू एक लिही." मी एक लिहिला. आत्या पिशवीचे बंद बांधत होती, तिचे हात थांबले. एसटीच्या वेळा ज्यांना पाठ आहेत त्यांच्याविषयी मला तेव्हा एक शंका आली, आणि शंका तपासून पाहणे हे माझे कामच आहे.

"आतोबा, काल खरंच आठची गाडी मिळाली नसती?"

ते कधी खोटे बोलत नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला. आत्याकडे मात्र पाहिले नाही.

"मिळाली असती," ते म्हणाले. "ती साताऱ्याची नाही, पुण्याहून येते. अर्ध्या तासापेक्षा कमी उशीर तिला कधीच नसतो."

हवालदार हसले. आत्याने पिशवी परत खाली ठेवली आणि पदर तोंडाशी नेला, तो हसू लपवायला की आणखी कशाला, हे मला तिथून दिसले नाही. मी आधीचा आकडा खोडला. विट्याच्या गृहस्थांच्या धसक्याने नव्या प्रश्नावलीत आम्ही 'मुक्काम' हा रकाना वेगळा ठेवला आहे. त्यात आतोबांनी स्वतःच्या हाताने सांगली लिहिले. त्याच्या पुढचा रकाना, रात्री स्वेच्छेने राहिलेल्यांचा, मी भरला : २.